सावकाशबाईचा गिअरबॉक्स

चढावरच्या त्या गल्लीत सकाळी कामाला निघणाऱ्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ होती. सावकाशबाईची राखाडी गाडी फाटकातून मागे येत असेल, तर मुकाट्यानं थांबायचं. एकदा एका स्कूटरवाल्यानं मागून हॉर्न दिला होता. बाईनं काच खाली केली, मान बाहेर काढली आणि विचारलं, "काय रे, विमान सुटतंय का तुझं? मग कालच निघायचंस!" तेव्हापासून तो बिचारा खालच्या गल्लीनं जातो.

नाव गल्लीनंच ठेवलं होतं आणि तिनं ते मनाला लावून घेतलं नव्हतं. "सावकाश तर सावकाश," ती म्हणायची. "तुमच्या गाड्या ऊठसूट गॅरेजात जाऊन झोपतात. माझी कधी झोपलेली बघितलीत?" आणि खरंच कुणी बघितली नव्हती.

त्या गाडीला क्लच नाही. एक ब्रेक, एक अॅक्सिलरेटर, संपलं. गिअर आपले आपण बदलतात. हे ऐकलं की लोकांना वाटतं, मग काय, झोपेतसुद्धा चालवावी! या समजुतीचा सावकाशबाईला मनस्वी राग. गिअर आपले आपण बदलतात म्हणून त्यांना लाथा घालायच्या? ती ब्रेकवर पाय ठेवून इंजिन चालू करायची आणि त्याची सकाळची पहिली धुसफूस उतरेपर्यंत बसून राहायची. मग दांडी आरवर, म्हणजे मागच्या गिअरला. आणि इथेच बघणाऱ्यांचा जीव जायचा, कारण दांडी टाकूनही ती ब्रेक सोडायची नाही. आतून गाडी गिअर धरते तेव्हा बारीकसा हिसका बसतो, लहान मुलानं बोट धरून ओढावं तसा. तो बसल्याशिवाय बाई हलायची नाही. मग मागे. मग गाडी पूर्ण थांबवायची, चाक जरासुद्धा फिरत असता कामा नये, आणि मगच दांडी डीवर, पुढे जायला. मागे जाणारी गाडी पुढच्या गिअरनं थांबवायची, म्हणजे ब्रेकचं काम गिअरबॉक्सच्या बोकांडी मारायचं, असं तिचं म्हणणं. गल्लीच्या टोकापर्यंत तर ती सायकलवाल्यांनाही पुढे जाऊ द्यायची. आतलं तेल गार आहे तोवर गाडी पळवायची नाही, हा तिचा कायदा होता.

थांबण्याचा कायदा आणखी कडक. बहुतेक लोक चढावर गाडी उभी करतात, दांडी पीवर, म्हणजे पार्किंगवर ढकलतात आणि चालू लागतात. तिच्या देखत कुणी असं केलं, की ती त्याला तिथेच अडवायची. पीवर टाकलं की आत एक लहानसा खटका दात्यात जाऊन अडकतो. हँडब्रेक न ओढता ब्रेकवरचा पाय काढला, की गाडी, माणसं, डिकीतलं सामान, सगळा भार त्या एवढ्याशा खटक्यावर. म्हणून आधी दांडी एनवर, म्हणजे न्यूट्रलला, मग हँडब्रेक, मग पाय हळूच उचलून गाडीला हँडब्रेकवर टेकू द्यायचं, आणि सगळ्यात शेवटी पी. "खटक्याला नुसतं राखणीला बसवायचं," ती सांगायची, "त्याच्या खांद्यावर चढायचं नाही."

एवढा जीव लावायला गाडी होती तरी कुठली? जुनीच. कंपनीनं ते मॉडेल बनवणंसुद्धा कधीच बंद केलेलं. पण ती गाडी म्हणजे सावकाशबाईचे पाय होते, आणि हे काही मी उगाच सजवून सांगत नाही.

लहानपणच्या तापात तिचा डावा पाय वाळला. डावा हात गुडघ्यावर दाबून, त्याला मागे रेटत एकेक पाऊल टाकायचं, अशी तिची चाल. बुद्धी तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण कुठे जायचं झालं की कुणाच्या तरी सवडीवर बसायचं. तयार व्हायचं, पायरीवर बसायचं आणि वाट बघायची. शाळेत थोरला भाऊ सायकलवर सोडायचा. दादाचा तिच्यावर जीव होता, त्यात खोट नाही. पण दादाला खेळायचं असलं की शाळा सुटून फाटकाला कुलूप लागेपर्यंत ती दगडावर बसलेली. मैत्रिणीकडचा वाढदिवस संपल्यावर पोचायची, आणि रंगात आलेलं काही असलं की अर्ध्यातून उठवून आणली जायची. तक्रार करायची सोय नाही, कारण लोक उपकार करत होते. वाट बघण्यातच अर्धं आयुष्य गेलं, असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिच्या नाकपुड्या फुलायच्या.

मोठेपणी ती पडदे शिवायला लागली. घराच्या खालच्या खोलीत तिचं मशिन, कापडाचे गठ्ठे, भिंतीला टेकवलेल्या पडद्यांच्या दांड्या; वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनी. हात असा, की तिच्या पडद्याची चुणी बघून लोक शिवणारणीचं नाव विचारायचे. पण मापं घ्यायला जायचं कसं? गिऱ्हाइकं स्वतःच मापं घेऊन यायची आणि पडदा जमिनीपासून वीतभर वर लोंबकळायचा. दोष पडदेवालीचा! मग तिच्या एका गिऱ्हाईक डॉक्टरीणबाईंनी वयापायी गाडी चालवणं सोडलं आणि ही राखाडी गाडी तिच्या हवाली केली. "मला कुठली येतेय चालवायला?" ती म्हणाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजवा पाय आहे ना? मग झालं तर."

झालंच. ती शिकली. पहिल्या दिवशी एकटीनं गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन आली, काही काम नसताना, आणि तिथे गाडीत बसून पोटभर रडली. परत कधी निघायचं हे तिला कुणालाही विचारायचं नव्हतं.

दादा तेव्हा हसला होता. दादा बस चालवायचा. डेपोत त्याला उस्ताद म्हणत. एवढी थोरली बस तो चेंडूसारखी वळवायचा, आणि डिझेल वाचवण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. उतार लागला की बस न्यूट्रलवर सोडायची, ही त्याची खासियत. "उतार फुकट मिळतोय, तर इंजिनाला कशाला राबवा?" डेपोनं त्याला त्याबद्दल एक बक्षिसाची ढाल दिली होती, ती वहिनी दर आठवड्याला पुसायच्या. अशा माणसाला क्लच नसलेली गाडी म्हणजे चेष्टाच. "हे कसलं चालवणं, छोटे? हे तर पाळण्यात बसणं!"

"तू बस तुझ्या क्लचवर," ती म्हणायची. "मी बसते पाळण्यात. पोचतो तर दोघंही."

दादा निवृत्त झाला आणि चित्र पालटलं. पहिल्या सकाळी तो खाली आला. "छोटे, किल्ली दे गं. ब्रेड आणतो." तिनं दिली. थोरला भाऊ, त्याला नाही कसं म्हणायचं? मग दुधाला, मग बँकेत, मग डेपोतल्या मित्रांशी गप्पा मारायला. पुढे मागणंही संपलं. दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली तो येता-जाता उचलायचा. गळ्यात मोजपट्टी अडकवून ती बाहेर यावी, तर फाटकात गाडी नाही. गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. ती पायरीवर बसून वाट बघायची. पायरीवर! तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण तो घामाघूम चेहऱ्यानं, हसत गाडीतून उतरायचा आणि ही नुसती किल्लीसाठी हात पुढे करायची.

मग तो आवाज यायला लागला. ती मशिनवर असायची, बाहेर दादा गाडी चालू करायचा, आणि पीमधून दांडी काढताना ठण्ण! चढावर रात्रभर गाडीचा सगळा भार खटक्यावर लोंबकळत राहिलेला, तो सुटताना ओरडणारच. तिची सुई जागच्या जागी थांबायची. एकदा सांगून बघितलं.

"दादा, आधी हँडब्रेक, मग पी."

"मला शिकवतेस?" तो म्हणाला, आणि खो खो हसला.

काही महिन्यांतच गाडीनं दुखणं दाखवलं. डीवर टाकलं की आधी काहीच व्हायचं नाही, मग एकदम गचका. ती तशीच मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीनं तेलाची पट्टी काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि फडकं तिच्या नाकापाशी धरलं. तेल काळपट, आणि करपलेल्या दुधासारखा वास.

"ताई, तुमच्याशिवाय कोण चालवतं?"

"का?"

"ही गाडी तुमच्या हाताची नाही राहिली. उतारावर कुणीतरी न्यूट्रल करतंय, आणि खाली पोचल्यावर धावत्या गाडीत डीवर मारतंय. आत तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. न्यूट्रलला इंजिन डुलक्या घेतं, चाकं आपली सुसाट. मग तेल पुरत नाही. वर तो दणका."

"दुरुस्त होईल?"

"तेल बदलतो, साफ करतो. अजून गेलेली नाही. पण ताई, याचे आतले भाग आता मिळत नाहीत. हा गिअरबॉक्स गेला, की गाडी गेली. तुम्ही चालवलीत तर चालेल बरीच वर्षं. दोघांनी चालवली तर माझ्याकडे येऊ नका, भंगारवाल्याकडेच जा."

घरी येताना तिनं गाडी नवजात पोरासारखी आणली. आज दादाशी बोलायचंच, असं ठरवून ती जेवायला वर गेली. पण तोंड उघडण्याआधी दादाच बोलला.

"छोटे, तुझी गाडी गचके देते. म्हातारी झाली. मी एकाला बोलावलंय रविवारी, बघून जाईल."

"काय बघून जाईल?"

"गाडी. विकून टाकू. आपण एक चांगली गिअरची घेऊ. मी चालवीन, तू आरामात मागे बसायचं. कुठे जायचं ते सांगायचं, की मी हजर."

ताटावरचा हात तिनं मागे घेतला. "माझ्या लेकीचं लग्न ठरवलंस, आणि आईलाच पत्ता नाही?"

"चेष्टा नको. तुझ्याच भल्याचं आहे."

"माझं भलं गचके देतंय ते कुणामुळे, ते विचार आधी!" आणि तिनं सगळं सांगितलं. तेलाचा वास, खटका, उतार, न्यूट्रल. दादाचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं बस चालवली, कधी कुणाला खरचटलं नाही, आणि आज एक मिस्त्री आणि एक पडदेवाली त्याला गाडी शिकवणार? वहिनी मध्ये पडल्या नसत्या तर ताटं तशीच राहिली असती. शेवटी दादानं फर्मान काढलं: उद्या तो मित्राची गिअरची गाडी आणेल, तिला कामावर नेईल, आणि मग तिनंच ठरवावं.

आता हे कळायला हवं, की सावकाशबाई भांडली ती गाडीसाठी नाही. मागच्या सीटवर बसून कुठे जायचं ते सांगायचं, या वाक्यानं तिला शाळेच्या फाटकाबाहेरचा तो दगड दिसला. पुन्हा तिथे बसायची तिची तयारी नव्हती. काही झालं तरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गेली मात्र. मुद्दाम मागे न बसता दादाच्या शेजारी बसली. मागच्या सीटवर एका कचेरीचे पडदे. दादा खुशीत होता, शीळ घालत होता. पुलाचा चढ लागला आणि पुढची रांग थांबली. हलली, थांबली, पुन्हा हलली. क्लच दाब, सोड, पुन्हा दाब. शीळ बंद झाली. गाडी गचकन बंद पडली. चालू केली, हातभर मागे सरकली, पुन्हा बंद. मागचा ट्रकवाला बोंबलायला लागला. तिनं दादाकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. गिअरवरचा हात त्यानं सोडला, डाव्या गुडघ्यावर ठेवला आणि सगळा जोर लावून पाय खाली दाबला.

ती बघतच राहिली. गुडघ्यावर हात ठेवून पाय दाबायचा, हे जगात तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"दादा!"

"निवृत्तीच्या आधीपासून," तो दातओठ खात म्हणाला. "क्लच दाबून दाबून गुडघा झिजला, डॉक्टर म्हणतो. आता ओरडू नकोस, मागे ट्रक आहे."

"ओरडत नाही. हँडब्रेक मी धरते. तू गिअर टाक, क्लच सोडत ये, आणि गाडी ओढायला लागली की सांग." तिनं हँडब्रेक ओढून धरला. "सोड," तो म्हणाला, तिनं सोडला, आणि गाडी पुढे गेली. तसं करत करत दोघांनी तो पूल पार केला. पलीकडे दादानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

"म्हणून माझी गाडी घेत होतास," ती म्हणाली. "तिथे डावा पाय लागत नाही."

"मग काय करू? घरात बसू?"

"आणि मग ती विकायला का निघालास?"

"रोज तुझ्या खिळ्यावरची किल्ली उचलायची," तो कपाळ न उचलता म्हणाला. "मी. उस्ताद! त्यापेक्षा ती गाडीच नको घरात. वाटलं, गिअरची असली की जमेल पुन्हा. पाय काय, सवयीनं येईल ताळ्यावर."

सावकाशबाईला भडभडून आलं. इतकी वर्षं डेपोची माणसं वाहिली, आणि बदल्यात हा गुडघा. तिच्या तोंडाशी शब्द आले होते: घे दादा, गाडी तुलाच घे. ते तिनं गिळले. तिला दादाचं वाईट वाटत होतं, आणि गाडी द्यायची नव्हती. दोन्ही खरं होतं.

संध्याकाळी वहिनी खाली आल्या. डोळे सुजलेले, त्यांनाही गुडघ्याचं आजच कळलं होतं. "वन्सं, द्या ना त्यांना गाडी. ते मोठे आहेत. तुम्हाला कुठे न्यायला नाही म्हणणार आहेत का?"

"नाही नाही म्हणणार. पण आधी दुधाला जातील, मग बँकेत, मग डेपोत. मग मला नेतील. वहिनी, तुम्ही कधी पायरीवर बसून वाट बघितलीय?"

वहिनी कापडाच्या गठ्ठ्यावर टेकल्या.

"आणि त्याच्या हातात गाडी गेली, तर वर्षभरात भंगारात जाईल. मग कुणालाच नाही. त्याला चालवायची आहे ना? चालवू दे. पण मागून घेऊ दे, आणि माझ्या पद्धतीनं चालवू दे. गाडी माझी, कायदा माझा."

"ते मागतील तुमच्याकडे?" वहिनी म्हणाल्या. "स्वप्नातसुद्धा नाही."

"मग जाऊ दे त्याला पायी!" असं तोडून बोलली खरी, पण वहिनी गेल्यावर तिच्या हातून एक शिवण वाकडी गेली आणि ती सगळी उसवावी लागली.

रविवारी गाडीचं गिऱ्हाईक आलं. बघतो तर काय, गाडीत चालकाच्या जागी बाई बसलेली, हातात चहाचा कप, चारी दारं आतून बंद. काच चार बोटं खाली.

"गाडी बघायला आलोय. साहेबांनी बोलावलंय."

"साहेबांची गाडी आहे का ही?"

"असं ते म्हणाले."

"मग साहेबांना विचारा, त्यांची कुठे उभी आहे. ही माझी आहे. विकायची नाही. आज नाही, उद्या नाही, तुमच्या नातवंडांनाही नाही."

"छोटे, तमाशा करू नकोस!" दादा पायरीवरून ओरडला. गल्लीतल्या खिडक्या उघडायला लागल्या होत्या.

"तमाशा तू मांडलास," तिनं काच पूर्ण खाली केली. "मी नुसती तिकिटं फाडतेय!"

वरच्या खिडकीतून कुणीतरी फिसकन हसलं. गिऱ्हाईक शहाणं होतं, त्यानं पाय काढता घेतला. दादा घरात गेला आणि दार असं लावलं, की ढाल कपाटात पडल्याचा आवाज खालपर्यंत आला.

त्यानंतर खिळा रिकामा झाला. किल्ली आता मोजपट्टीला बांधून तिच्या गळ्यात. दादानं बोलणं टाकलं. रोज सकाळी पिशवी घेऊन तो चालत खाली जायचा आणि येताना चढावर दर थोड्या वेळानं थांबायचा, हात गुडघ्यावर. सावकाशबाई मशिनमागच्या खिडकीतून बघायची. एकदा तर ती दारापर्यंत गेली, किल्ली मुठीत घेऊन. मग परत फिरली. इतकी वर्षं सगळ्यांनी तिच्यावर दया केली होती आणि त्या दयेखाली ती दबून गेली होती. दादावर तीच दया करायची? त्यापेक्षा भांडलेलं बरं. भांडण निदान बरोबरीच्या माणसाशी होतं.

एका सकाळी मशिनवर सावली पडली. दारात दादा उभा, हातात रिकामी पिशवी.

"ती... तुझी पद्धत," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "दाखवतेस का जरा?"

तिनं धागा तोडला. "चल."

आपल्याच गाडीत ती पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसली. डावा पाय हातानं उचलून आत घ्यावा लागला. दादा स्टिअरिंगमागे बसला, पाठ ताठ, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"ब्रेकवर पाय."

"माहितीये."

"माहितीये तर ठेव. आता हँडब्रेकला हात लावू नकोस, आधी पीमधून बाहेर काढ. आता हँडब्रेक सोड. आर. थांब! ब्रेक सोडू नकोस. बसला हिसका?"

"बसला."

"आता हळू. थांबव. पूर्ण थांबव म्हणते ना! फिरतंय अजून चाक. आता डी."

"बाप रे, देवाच्या दारातसुद्धा एवढी चौकशी करत नाहीत," दादा पुटपुटला.

"तिथे गिअरबॉक्स नसतो."

गल्लीचा उतार लागला आणि त्याचा हात दांडीकडे गेला. त्याच्याही नकळत गेला, वर्षानुवर्षांचा हात तो. तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. "एनवर नाही. दोनवर घे. इंजिनालाच धरू दे गाडी."

"पेट्रोल जाळतेस फुकटचं."

"जाळते. गिअरबॉक्स नाही जाळत."

दादानं दोनवर घेतली. गाडी घुमली, दबली आणि आपली आपण सांभाळून उतरायला लागली. खालच्या चौकातून वळून ते परत निघाले. चढावर पुढे एक हातगाडी अडली होती. दादानं अॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडी तिथल्या तिथे तोलून धरली, बसमध्ये क्लचवर धरायचा तशी ऐटीत.

"ब्रेक मार! अशी पायावर तोललीस की आतलं तेल उकळतं."

आता मात्र उस्तादाचा ताबा सुटला. "बसला कधी एवढी नाटकं करावी लागली नाहीत मला! वाट्टेल तशी चालवली, आणि ढाल मिळवली!"

"बस बिघडली की डेपो तुला दुसरी द्यायचा," सावकाशबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मला दुसरी कोण देणार, दादा?"

दादानं ब्रेक दाबला. हातगाडी केव्हाच निघून गेली होती, तरी तो तसाच बसून होता. मग त्यानं पाय उचलला आणि गाडी अगदी हळू वर नेली, वाटेतला प्रत्येक खड्डा चुकवत.

घरासमोर त्यानं दांडी एनवर घेतली, हँडब्रेक ओढला, पाय हळूच सोडला. गाडी जराशी मागे रेलली आणि टेकली. मग पी. तिला टोकायला काही ठेवलंच नव्हतं त्यानं. किल्ली काढून तो ती हातात घेऊन बसला.

"उद्या तुझ्या वहिनीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय," तो समोर बघत म्हणाला. "सकाळी तुझी गाडी मोकळी असेल का?"

जन्मभर त्यानं तिला सोडलं होतं, आणलं होतं. तिला कधी सोयीचं आहे, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. सावकाशबाईच्या ओठावर होकार आला होता. पण उद्या सकाळी तिला एका शाळेच्या खिडक्यांची मापं घ्यायची होती.

"सकाळी मी कामावर आहे," ती म्हणाली. "दुपारनंतर मोकळी आहे."

"मग डॉक्टरला दुपारची वेळ मागतो," दादा म्हणाला, आणि त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली.